गंजीमागचा दगड

सहा वर्षं माझं काम एवढंच:
मार्च उजाडला की गावच्या रस्त्यावरच्या
पिवळ्या रेघा माती टाकून झाकायच्या,
छपरांवरच्या डिश उतरवायच्या,
डिलिसच्या दारावरची घंटी काढून पितळी कडी ठोकायची,
आणि चौकातल्या दगडापुढं गवताची गंज रचायची.

कारण मालिकेत साल होतं एकोणीसशे अकरा.
दगड उभा राहिला वीस साली.
जी पोरं अजून मेलेलीच नाहीत
त्यांची नावं कॅमेऱ्यात कशी दिसणार?

गंज मात्र खरी, हेस्केथच्या शेतातली.
एका वर्षी तिच्यात कोंबडी अंडी उबवत बसली
आणि चाळीस माणसं, नऊ घोडे, एक बग्गी
दिवसभर तिच्या उठण्याची वाट बघत राहिले.

हळूहळू आम्ही त्या सालातच राहायला गेलो.
पोस्टातला नॉर्बर्ट बाजाराच्या दृश्यात
बायका दिसल्या की टोपी उचलायचा;
पुढं तो यॉर्कच्या बसमध्येही उचलू लागला.
डिलिसला सहा सीझनमध्ये एक वाक्य मिळालं नाही.
ती मागून सलगमांची टोपली घेऊन जायची,
डावीकडून उजवीकडं,
आणि रविवारी रात्री पबमध्ये आरडाओरडा व्हायचा:
"गेली बघ! गेली!"

मग कळलं, हा शेवटचा.
कथा युद्ध ओलांडून पलीकडं जाणार,
बंगल्यातली थोरली बाई
स्मृतिस्तंभावर मुलाचं नाव वाचणार,
आणि तिथंच पडदा.

दिग्दर्शिका म्हणाली, "रॉल्फ, यंदा गंज नको."
मला बरं वाटलं. दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी व्हॅनमधून फळ्या उतरल्या,
दगडासारख्या रंगवलेल्या, उचलल्या तर पुठ्ठ्याहून हलक्या,
त्यांच्यावर बावीस नावं
लंडनमध्ये कुणीतरी चहा पीत जुळवलेली.

मी शिडीवर चढलो.
फळी बसवताना तळवा टेकला
तो नेमका आजीच्या भावावर.
ॲम्ब्रोज टेलफर्ड, वय एकोणीस.
त्याचा एकही फोटो नाही. फक्त एक गोष्ट,
की तो शिट्टी वाजवत धारेला बसायचा
आणि बिचकणारी गायसुद्धा पान्हा सोडायची.
दगडाला भोक पाडायचं नाही, अशी कौन्सिलची अट;
म्हणून मागून पट्टे आवळले, पार्सलला आवळतात तसे.

चौदा टेक झाले.
बाई मोठी नटी. खोट्या नावावर बोट फिरवून
दर वेळी खरं रडली.
तेराव्याला मीही रडलो,
असा कॅप्टन कुणी नव्हताच हे
गावात सगळ्यांत जास्त मला माहीत असून.
चौदाव्याला डिलिस टोपली घेऊन निघाली
आणि मध्येच थांबली. कुणी सांगितलं नव्हतं.
टोपली खाली ठेवली, हात पुसले, उभी राहिली.
तोच त्यांनी ठेवला.

शेवटचा भाग चॅपलच्या हॉलमध्ये भिंतीवर पाहिला.
कुणी ओरडलं नाही.
मग काळ्यावर पांढरी नावं वर सरकू लागली,
विग लावणारे, घोडे राखणारे, चिखल कालवणारे,
त्यांत मी, एका सेकंदापुरता,
आडनावात एक अक्षर चुकून.

आता माती पावसानं गेली. रेघा पिवळ्याधमक.
गाडी लावली की दंड.

लोक अजून येतात. परवा क्योटोची एक मुलगी
दगड वरून खाली, खालून वर वाचत होती,
हातात पांढरी फुलं.
"कॅप्टन इथं नाहीत?"
तो नव्हताच, हे ओठांवर आलेलं.
म्हटलं, "वाऱ्यापावसानं झिजतात अक्षरं.
ठेव ना तू. इथं, खाली."

तिनं ठेवली, बरोबर गंजीच्या जागी.
ती गेल्यावर मी शिट्टी वाजवून पाहिली.
नुसती हवा आली.
आमच्यात आता कुणालाच जमत नाही.