सातवा धडा

काबीमासच्या शाळेत, तळ्याकडच्या वर्गात
मी सातवा धडा उघडते:
देश, लोक, अर्थव्यवस्था.
पुस्तक एकच आहे, तेही तेलकट.
एउदोमारच्या आईनं त्यावर खेकड्यांची टोपली टेकवली होती
आणि इथलं पाणी नुसतं पाणी नसतं.

उत्तरेला समुद्र, लिहा.
आग्नेयेला जंगल, त्यात एक धबधबा,
इतका उंच की पाणी खाली येईतो धुकं होतं.
नाही, मीही पाहिलेला नाही.
मधून ओरिनोको. तिच्या अलीकडे गवताची मैदानं,
जिथं पावसाळ्यात गाई पोहतात.
आणि पश्चिमेला आपण.
नकाशात आपलं तळं माठासारखं दिसतं,
तोंड समुद्राकडे, पोटात काळोख.

खनिजे, लिहा.
एका डिसेंबरात इथली जमीन फुटली.
नऊ दिवस तेल उडत होतं.
छपरं काळी, कोंबड्या काळ्या,
दोरीवरचं लग्नाचं पातळ झगझगीत काळं.
म्हातारे सांगतात, शेवटी ढोल वाजवत
संत बेनितोला विहिरीपाशी नेलं
तेव्हा कुठं ती गप्प झाली.
संत मुळातच काळा,
त्याच्या अंगावर उडालं असेल तर कळलं कुणाला?
त्या दिवसापासून जगाला आपला पत्ता ठाऊक आहे.

चलन.
चलन सोडून देऊ.
तीन वेळा मिळून चौदा शून्यं पुसली त्यांनी,
मी फळा पुसते तशी,
आणि खडू माझ्याच बोटांना राहिला.

माझा भाऊ नेरियो गाडी घेऊन
पेट्रोलच्या रांगेत झोपायला जातो.
उशी नेतो, थर्मास नेतो, डॉमिनोचा डबाही.
रांगेला लागून पाइपलाइन जाते.
तो म्हणतो, कान लावला की
आतून काहीतरी गेल्यासारखं वाटतं,
पण भूक लागली की कानाला काहीही ऐकू येतं.
तेल गेलं. तूप तर आपल्याकडे कधी नव्हतंच.
धुपाटणं तेवढं किनाऱ्यावर जळतं आहे,
वायूची ती ज्योत, दिवसासुद्धा.

लोक, लिहा.
त्याआधी हजेरी.
योलेइदा उर्दानेता?
मुलं एका सुरात: कुकुता!
विल्येर्मो चिरिनोस?
लिमा!
जुळ्या बहिणी? एक सान्तियागोला, बाई,
एक अजून वाटेत.
एकोणतीस नावं, अकरा बाकं भरलेली.
या वर्गाइतका भूगोल
मी कधी कुणाला शिकवला नव्हता.

संध्याकाळी घाटावर
एउदोमारची आई खेकडे धुते,
आधी रॉकेलनं, मग साबणानं, मग लिंबानं.
मला चार देते, पैसे घेत नाही.
त्यांची नांगी अजून हलते आहे,
माझ्या पिशवीचा बंद धरून बसली आहे.

रात्री वीज जाते.
म्हणजे घरातली.
दूर दक्षिणेला, काताटुंबोच्या मुखावर
दुसरी असते, ती जात नाही.
वर्षातल्या किती रात्री ती तशीच लखलखते,
आवाज न करता,
जणू कुणी आपल्या घरात शोधतं आहे काहीतरी,
काडी ओढून, विझवून, पुन्हा ओढून.
खिडकीशी बसून त्या उजेडात मी पेपर तपासते.
एका चमकेत एक ओळ.
ज्यांचं अक्षर बारीक त्यांना दोन लागतात.

प्रश्न चौथा: देशाची प्रमुख निर्यात कोणती?
चमक. देइविसचा पेपर:
तेल,
अंधार. मी बोट ओळीवर ठेवून थांबते.
चमक:
आणि यूलिमारताई.
खाली त्यानं बस काढली आहे,
खिडक्या सात, चाकं तीन.
अंधार.

लाल पेन उघडं आहे.
चुलीवर खेकड्यांच्या पाण्याला उकळी आली असावी,
झाकण वाजतं आहे.
पुढच्या चमकेला काय ते ठरवीन.