फिरणा नाय तो किनारो

सर्जेकोटला, बर्फाच्या कारखान्यामागच्या खोलीत
मी आवाजांना जागा देत होते.
निरोप आला की डावीकडे, कोपराच्या उंचीवर,
शिंपला टेकवल्यासारखा.
आजचा भाव समोर.
वाऱ्याचा इशारा उजवीकडून, लांब.
आणि 'पुसून टाकू का?' हा प्रश्न
पाठीमागून, मानेच्या जरा वर,
कारण पुसण्याआधी माणसानं दचकावं.

जागा म्हणजे तरी काय,
एका कानाला आधी कळतं,
दुसऱ्याला निमिषाच्या चिंधीएवढं उशिरा.
तेवढ्या चिंधीत मी एक बंदर बसवलं
आणि कंपनीला कळवलंही: झालं.

मेघश्याम कुबल आले.
साखरेनं डोळे नेले त्याला सहा वर्षं झाली,
त्याआधी चाळीस वर्षं तांडेल,
हल्ली ओट्यावर बसून सुंगटं सोलतात.
हेडफोन त्यांनी आधी हुंगला, मग घातला.

"डावो कान इंजिनान खाल्लो.
थंय महत्त्वाचा काय ठेवू नको."
माझे सगळे निरोप त्याच कानात होते.

मग भाव वाजला. बांगडा, टोपलीमागे.
"पुढसून इलो काय पाठसून?"
त्यांनी मान वळवली,
काळोखात वळवत असतील तशी,
लाट खडकावर फुटते की वाळूवर ते ऐकायला.
उलटी वळवली. थांबले.
बाहेर कुणीतरी बर्फ फोडत होतं.
तो आवाज खिडकीतच होता, हलला नाही.

"मी मान फिरवलंय तर तुझा बंदर पण फिरला गो.
माझ्यावांगडा फिरता ता होडयेतला.
फिरणा नाय तो किनारो.
ह्यात किनारो खंय आसा?"

मी कागदावर लिहून घेतलं: मान.
त्याखाली दोन रेघा ओढल्या.

"आणि ता पाठसून इचारणा बंद कर.
पाठसून फक्त लाट येता,
ती इचारणा नाय."

चहा नको म्हणाले.
बर्फाचा आवाज उजव्या खांद्यावर धरून
उठले, चार पावलं, उंबरठा,
काठी काखेतच.

मी कंपनीला लिहायला बसले
की 'झालं' हा शब्द मागे घेते,
आणि पुढचं वाक्य सुचेना.
टेबलावर हेडफोन
बारीक आवाजात बांगड्याचा भाव सांगत राहिला,
समोरून,
कुणाच्या समोरून ते त्याला ठाऊक नव्हतं.