तुपाच्या डब्याचं माप

भुसावळला, जामनेर रोडच्या कडेला,
वारके गार्डांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात
रविवारी आम्ही चौघं-पाचजण बसतो.
भिंतीवरचं प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ सांगतं,
आणि छत्तीस वर्षं गाड्या वेळेवर सोडलेले वारके
त्यांच्याकडे पाठ करून बसतात.

फोटो आणला भंगाळेनं.
रद्दीवाल्याकडे जमाखर्चाच्या वहीत दबलेला.
वहीचे सव्वाशे, फोटो फुकट.

इंजिन, वाफेचंच,
पण नाक निमुळतं, तापीतल्या माशासारखं.
धुराडं अंगातच बुडालेलं,
चाकांवरून खाली ओढलेला पत्र्याचा घोळ,
ओट्यावर बसताना बाईनं लुगडं सावरावं तसा.
नंबर खिळ्यानं खरवडलेला.
मागे जांभळा शिक्का, त्यातला 'भु' तेवढा शाबूत,
सालातला मधला आकडा वाळवीच्या पोटात.

वारके म्हणाले, आपल्याकडचं नव्हे.
इतकं देखणं शेडात आलं असतं
तर माझ्या बापानं घरी सांगितलं असतं.
(बाप घरी काहीच बोलत नसे
हे त्यांनीच मागच्या रविवारी सांगितलेलं.)
डिमेलो म्हणाला, विलायतेतलं असणार,
बोटीवर चढवायच्या आधीचं.
भंगाळेनं नुसतं बोट ठेवलं
इंजिनामागच्या कडुनिंबावर.

तीन रविवार गेले.
चाकं मोजावीत तर घोळ आड येतो.
सावलीवरून वेळ काढली, दुपारचे साडेतीन,
पण साल काही सावलीत पडत नाही.
धूर नाही, म्हणजे थंड उभं होतं, एवढंच ठरलं,
आणि त्यावरही डिमेलो रुसला.

चौथ्या रविवारी सुभान तडवी आला.
जुना फायरमन, उजव्या भुवईला केस नाहीत.
इंजिनाकडे त्यानं पाहिलंच नाही.
"भो, तो डबा पाह्यला का कोणी?"

पुढच्या चाकाशी, जमिनीवर, तुपाचा चौकोनी डबा,
तारेची कडी लावलेला, पाण्यासाठी ठेवतात तसला.
त्याचा काठ बफरला लागायलाच आला होता.
पट्टी लावली. पुन्हा लावली.
आणि इंजिन आमच्या डोळ्यांदेखत
लहान लहान होत गेलं,
मेल ओढणारं ते धूड उतरत उतरत आलं
पाचोऱ्याकडच्या छोट्या लाइनीवर,
जिथं सायकलवरचा पोस्टमन
गाडीच्या आधी पुढच्या गावात डाक वाटून मोकळा होई.

मग भंगाळेनं घड्याळाचं भिंग डोळ्यात अडकवलं.
बराच वेळ गप्प.
नाकाच्या वळणाखाली उलटी, पुसट अक्षरं: शुद्ध.
शेजारच्या पत्र्यावर अर्धंच: तू.

म्हणजे डबेच.
कापलेले, ठोकून सपाट केलेले, रिबीट मारलेले,
राखेनं घासघासून चांदीसारखे केलेले
शंभरेक डबे.

कशासाठी, यावर चहा दोनदा झाला.
साहेबाची भेट. नाटकाचा सीन. कुणाची तरी पैज.
वारके म्हणाले, नियमात बसत नाही.
सुभान म्हणाला, "कोठे तरी चित्र पाह्यलं असंल एखाद्या फिटरनं.
मंग त्याले राहवलं नही."

वारा कापायला असतं म्हणे असलं नाक.
कुठला वारा?
ताशी नऊ मैलांना वारा आडवा येत नाही,
तो शेजारून चालतो,
केळीची पानं हलवत, मधूनच पुढे जाऊन थांबतो.
तरी कुणीतरी उन्हात बसून,
घोळाची एकेक कड बोट कापणार नाही अशी
आत वळवली होती. भिंगातून दिसते ती.

वारके अजून मानत नाहीत.
डबा नंतर कुणी काढला असेल, शाईनं, म्हणतात.
फोटो त्यांच्याच खणात आहे, स्प्रिंगांच्या डबीखाली.
खण रोज उघडतो, असं त्यांचा मुलगा म्हणाला.

त्या संध्याकाळी शटर ओढताना
समोरच्या पुलाच्या उतारावर सुभान तडवी दिसला.
सायकलवर. टोपी खिशात,
कोपरं अंगाशी घट्ट,
हनुवटी हँडलला टेकलेली.
चौऱ्याहत्तर वर्षांचा.
मागून आलेली रिक्षा
त्याला सहज ओलांडून गेली.