अर्धी मूठ

कापसाच्या रिकाम्या बारदानाखाली ती निघाली.
टाकीत पालीची अंडी, सीटमध्ये उंदरांचं बाळंतपण,
चेन गंजून एकच सळई झालेली.
भटू म्हणाला, भंगारवाला किलोला अठ्ठावीस देतो.
म्हटलं, मग मी तीस देते, कर वजन.
त्याने केलंही असतं. वहिनी हसली, म्हणून राहिलं.

आप्पा गिरणीत फिटर.
गिरणी सहा महिने बंद पडली
तेव्हा हातांना चाळा हवा म्हणून बनवली ही:
लुनाचं इंजिन, हातगाडीची दोन चाकं,
शेंगदाणा तेलाचा डबा कापून टाकी,
गफ्फारभाईचं वेल्डिंग, तेही उधार.
अख्ख्या अमळनेरात तिला नाव नव्हतं.
फिटरची फटफटी, बस.

बनवली भटूसाठी.
भटू पहिल्याच दिवशी बाभळीत घुसला
आणि पुन्हा तिला शिवला नाही.
मग मी. फ्रॉक खोचून, बोरीच्या कोरड्या पात्रात.
वाळूत चाक रुतायचं, उतरायचं, ढकलायचं, पुन्हा बसायचं,
मूठ पिळायची शेवटपर्यंत.
बैलगाडी मागे पडायची. सायकल नाही.
"आप्पा, अजून जोरात नाही का जात?"
ओठातली विडी न काढता आप्पा: "इतलीच पयस ती."

मी कितीतरी वर्षं धरून चालले
की वेग तिथे संपतो.

आता दर रविवारी जळगावहून येते, सकाळच्या पॅसेंजरने.
आठवडाभर लोकांच्या दाढा कोरते,
रविवारी हिचा कार्बोरेटर.
जेटमधली घाण निघाली ती रूट कॅनालच्या फाईलने,
दुसरं काही आत जातच नव्हतं.
रंगवाल्याने विचारलं, हिरवा, पण कोणता हिरवा?
म्हटलं, भरताच्या वांग्याचा.
त्याने दुसरा प्रश्न न विचारता डबा ढवळला.

मनवा शेजारी बसून पाने देते. नऊ वर्षांची.
दहाचा मागितला की बाराचा देते, आणि वर म्हणते,
हा जास्त चांगला आहे, आत्या.

मूठ उघडली चौथ्या रविवारी.
आत एक पितळी स्क्रू, आडवा,
केबलला अर्ध्यावर अडवणारा.
डोक्यावर लाल थेंब, आटा ढिला होऊ नये म्हणून.
नेलपॉलिश.
वैशाखातल्या जत्रेतून आणलेली माझी बाटली,
जिच्यासाठी मी भटूला चावले होते.

स्क्रू काढून खिशात टाकला.
रात्री सगळे गच्चीवर झोपल्यावर
मार्केट यार्डामागच्या रस्त्यावर नेली ढकलत.
सेहेचाळीस वर्षांची बाई, गुडघे कानाशी,
एक कुत्रं सोडून कुणी नव्हतं.
मूठ पिळली. पूर्ण.

ती पळाली, देवा, काय पळाली,
आणि खांबाच्या पुढे गेल्यावर
पुढचं चाक थरथरायला लागलं,
मनगटापासून दातांपर्यंत.
हातगाडीचं चाक ते. त्याला काय माहीत.
कुत्रं भुंकायचं थांबलं.

म्हणजे आप्पांनी चालवून पाहिली होती.
साडेपाच फुटांचा माणूस, धोतर वर खोचून,
कुणी बघत नाही ना हे बघून,
याच खांबापर्यंत, किंवा दुसऱ्या कुठल्या.
आणि घरी येऊन
माझ्या कपाटात बाटली शोधली असेल.

रविवारी स्क्रू परत बसवला.
दोन आटे कमी.
चाकाचे बेअरिंग नवे आहेत, तेवढी सूट.

मनवा अंगणातून तीन फेऱ्या मारून आली,
केसात माती, तोंड लाल.
"आत्या, ही एवढीच पळते?"
"इतलीच पयस ती," मी म्हणाले,
आणि पाना पुसत बसले.

तिने मुठीकडे पाहिलं.
निळा ठिपका अजून ओला होता.
मग स्वतःच्या नखांकडे.