लिबेरो

माझी ये-जा बदलीत धरत नसत.
बाकीच्यांनी नंबराची पाटी दाखवून आत यायचं,
पंच वहीत टिपून घेणार, तेव्हा खेळ सुरू.
मी शेजारणीकडे विरजण मागायला जावं तशी
मागल्या बाजूनं शिरायची, मागल्या बाजूनं निघायची.
जर्सीसुद्धा वेगळी. त्या पाचजणी मोरपंखी,
मी पिवळी.
"हळद लागली का वो तुले?" वनमाला मडावी दर सामन्याला विचारायची
आणि त्याच हसण्यात चेंडू असा हाणायची
की जाळीपलीकडच्या पोरी हात मागे घ्यायच्या.

चुलबंद वाघिणी, हे आमचं नाव.
चुलबंद म्हणजे आमची नदी, उन्हाळ्यात गुडघाभर.
लीगचा निवेदक पुण्याकडचा, तो दोन शब्द करायचा:
चूल. बंद.
शेड खदखदायचं.
वनमालाच्या सासूला मात्र ते पटलं होतं,
"बराबर म्हन्ते तो. बंदच हाय."

शेड बाजार समितीचं. धानाची पोती एका अंगाला लोटून
गहाणे शेठनं निळी-केशरी चटई अंथरली.
खाली दाणे राहिलेच.
मी सूर मारला की कोपरावर, मांडीवर नक्षी उठायची.
रात्री माय खोबरेल लावताना बोटानं वाचायची,
"हा चिन्नोर. हा एचेमटी."

माय विड्या वळते. पंचवीसचा एक कट्टा.
आमचा डावही पंचवीसचा,
म्हणून तिला खेळ समजावून सांगावा लागला नाही.
पत्र्याला टेकून, मांडीवर सूप घेऊन बसायची.
"किती झाल्या?"
"एकोणीस."
"सहा राहिल्या मंग."
पाचवा डाव पंधराचा म्हटल्यावर मात्र बिथरली,
"पंधराचा कट्टा कोन घेते बाई?"

अकरा सामने. तीन जिंकलो.
तिसरा मंडईच्या दिवशी, समोर अकोल्याच्या पोरी,
अर्धं गाव दंडार पाहायला गेलेलं.
पुण्याचा माणूस तापानं पडला होता,
माइकवर झाडीपट्टीच्या नाटकातले भुजाडे मास्तर.
पाचवा डाव, चौदा-तेरा.
चेंडू धुरपताच्या हातावरून उडून
वजनकाट्याकडे निघाला.
मी काट्यावरच आडवी झाले,
काटा थरथरून एकावन्न किलोवर थांबला म्हणतात,
चेंडू परत कसा गेला ते मला अजून ठाऊक नाही.
मास्तरनं माझं नाव घेतलं,
राजकन्येनं विष घेतल्यावर घेतात तसं लांबवून:
सत्यफुलाऽऽ!
त्याआधी नाही, त्यानंतर नाही,
एवढ्या मोठ्यानं मला कोणी हाक मारली नाही.

मग एका मंगळवारी बस आली नाही.
बुधवारी चटई गुंडाळून नेली, पोती परत मधोमध.
दुसऱ्या चेकला बँकेतल्या मॅडम म्हणाल्या,
"खात्यात पैसेच नाहीत,"
माझ्यावरच चिडल्यासारख्या.
संघ बंद झाला असं कोणी म्हणालंच नाही.
आम्ही चौघी गिरणीवर गेलो, गादीवर नवा माणूस,
कानात तुसाचा आवाज. "कोनती टीम?"
धुरपतानं सहा फुटांवरून त्याच्याकडे पाहिलं
आणि आम्ही चहा न घेता निघालो.

वनमाला आता वनरक्षक आहे.
धुरपता शेवग्याच्या शेंगा आकडीशिवाय तोडते,
शेजारपाजारच्याही.
माझी पिवळी जर्सी तीन वर्षं अंगात होती,
मग दिवे पुसायला, मग कुठे गेली.

मायला आता दिसत नाही फारसं, बोटं वळतात.
संध्याकाळी कट्टा बांधताना चोवीसवर थांबते,
मान वर करते, अंदाजानं, माझ्या दिशेला.
भाताचा गंज चुलीवर.
मी गुडघे थोडे वाकवून उभी,
दोन्ही हात पुढे.