बॉयलर अटेंडंट, सेकंड क्लास

चौतीस वर्षं वाफ सांभाळली रबाळ्याला.
काचेच्या नळीत पाण्याची रेघ;
रेघ खाली गेली की माझा जीव खाली.
बॉयलर-हाउसच्या मागे स्टीम ट्रॅपचं पाणी टपकायचं,
त्या कोमट चिखलात कुणी न लावता एक पपई आली
आणि ऐन पौषात फळं धरत राहिली.

कंपनी मिटली. बॉयलर वजनावर गेला.
आता तिथे डेटा सेंटर आहे. मुलगा समजावतो,
आत थंडी बनवतात, गरम हवा बाहेर फेकतात.
एकदा गेटपाशी उभा राहून मी ती हवा अंगावर घेतली.
वॉचमन म्हणाला, काका, पुढे चला.

शेवटच्या पपईच्या बिया पुडीत होत्या, राखेत घोळवलेल्या.
घणसोली गावठाणात, आमच्या गच्चीवर,
बांबूच्या कमानी आणि दुधी प्लास्टिक.
मी त्याला पॉलिहाउस म्हणतो,
बेबी म्हणते, मांडव घातलाय, नवरी कुठाय?
पण जानेवारीत खाडीवरून वारा सुटला
की ट्रेमधली माती गार पडते
आणि बी आतल्या आत हट्ट धरून बसतं.

म्हणून हे.
तुर्भ्याच्या भंगारातून अर्ध्या इंची पाइप, नऊ तुकडे,
शिडीसारखे जोडले, काळे केले
(रंग उरला, तो बेबीने तुळशीच्या कट्ट्याला नको म्हटला).
वाशीत बिल्डिंग पाडत होते, तिथली खिडकीची काच;
तिच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी पोरीने चिकटवलेलं फुलपाखरू.
खरवडलं नाही. तेवढी सावली मी सोडली.
निळ्या पिंपाला थर्मोकोल, दिवाळ्याच्या जेट्टीवरचे माशांचे खोके,
त्या वासाने तीन मांजरं गच्चीला नांदायला आली.
एकूण खर्च दोन हजार एकशे चाळीस, मांजरं सोडून.

पहिले चार दिवस पाणी हललंच नाही.
पाइप तापून चटका देतायत, पिंप थंडगार.
पिंप मी खाली ठेवलं होतं, पंपाच्या सवयीने.
गरम पाणी वर चढतं, हे शिकवायला मी ट्रेनी पोरांना पाच मिनिटं घ्यायचो.
मला चार दिवस लागले.
पिंप वर गेलं. दुपारी वरच्या पाइपला कान लावला:
शिट्टी नाही, आग नाही, घड्याळाचा काटा नाही,
आत कुणीतरी अनवाणी जिना चढत होतं.

रात्री कॉक पाव उघडा. पाणी ट्रेखालून वळसे घेत खालच्या टपात.
सकाळी बादलीने परत वर, बावीस पायऱ्या.
आधी बेबीच्या थर्मामीटरने मातीचं मोजलं,
पारा जागचा हलेना.
ती म्हणाली, तुमचे मातीला ताप नाय, गोळी नका देऊ.
मग दुसरा आणला, आणि जुन्या सवयीने लॉगबुक:
रात्री बारा, सव्वीस. दोन, पंचवीस.
चार, एकवीस.

चारला रोज एकवीस.
सांधे तपासले, सुतळी-सफेदा नव्याने भरला,
मांजरांवरही संशय घेतला.
सहाव्या रात्री पावणेचारला अंधारात वर गेलो.

बेबी रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसली होती,
लुगडं गुडघ्यापर्यंत वर, पाय घमेल्यात.
वाफ नव्हती, वाफेची आठवण असावी एवढंच.
महानगरपालिकेच्या दवाखान्यात तीस वर्षं उभी राहिलेली ती,
डोळे मिटून.
मांजर शेजारी. मी तसाच मागे फिरलो,
तीन पायऱ्या उतरलो, आणि खोकलो नाही.

दुसऱ्या दिवशी पिंपाला आणखी एक कॉक बसवला,
खाली, बसून हात पोचेल असा.
दोघांपैकी कुणी काही बोललं नाही.
पपई उगवली अकरा, चाळीसमधली.
लॉगबुकात चारच्या पुढे आता मी आकडा लिहीत नाही,
एक टिंब देतो.