सातशेवीस तास

आधी पाण्यातला प्राणवायू हाकलायचा.
मीठ पाच टक्के, ॲसिटिक आम्ल अर्धा टक्का,
मग नायट्रोजनचे बुडबुडे, तास, दोन तास.
घाई केली तर द्रावण दुधाळ होतं
आणि महिन्याचं काम मोरीत.
पढियारभाई म्हणतात, बेन, पाणीने य धीरज जोईए.

मग सिलिंडरची चावी, पाव वळसा.
छातीवरच्या डिटेक्टरला एकदा बोटानं टोचून
जागा आहेस ना, विचारायचं.

दांडिया बाजारचा मोहित्यांचा कौस्तुभ नवीन लागला,
त्याला पहिल्या दिवशी सांगितलं:
नासक्या अंड्याचा वास येतो तोवर बरं.
यायचा थांबला, तर गेला असं समजू नकोस.
नाक आधी शरण जातं.
तू दार गाठ, आणि मला हाक मारायला थांबू नकोस.
तो हसला. मग बघितलं की मी हसत नाहीये.

माझी जोडवी काळी पडतात.
रावपुऱ्यातला सराफ पुसून देतो, विचारतो,
विहिरीचं पाणी का?
मी हो म्हणते. सोपं पडतं.

एकोणीस डिसेंबर, सकाळी दहा.
चार पोलादी कांड्या, करंगळीपेक्षा बारीक,
चार कड्यांत ताणून बसवलेल्या,
त्यांच्याभोवती काचेत ते पाणी.
सातशेवीस तास टिकायचं, बास.
वाळवंटातल्या कुठल्याशा विहिरीत
याच पोलादाचे नळ उतरणार आहेत.
गंज दिसला असता तर बरं होतं.
इथं हायड्रोजन आत शिरतो,
बाहेरून कांडी नुसती जराशी काळवंडते,
आजारी माणसानं ठीक आहे म्हणावं तशी.

रोज मोजायचं.
आयोडिनमध्ये नमुना सोडला की तांबूस रंग उतरतो.
जितका वायू जास्त, तितकं आयोडिन खाल्लेलं.
मग ब्युरेटमधून थायोसल्फेट, थेंब थेंब,
गवताच्या काडीइतकं पिवळं उरलं
की स्टार्च घालायचा, ताजा शिजवलेला,
सुती साडीच्या खळीसारखा.
एकदम निळंशार.
आणि नंतरच्या कुठल्यातरी एका थेंबाला
काहीच नाही.
बावीस वर्षं झाली, तो थेंब मला अजून
आधी ओळखता येत नाही.
चोवीसशे दहा. तेवीसशे ऐंशी. वहीत लिहायचं, सही करायची.
पीएच दोन पूर्णांक नऊ. तीन पूर्णांक एक.

उत्तरायणाला सुट्टी. पण घड्याळाला नाही.
आई संक्रांत म्हणायची, सासर उत्तरायण म्हणतं,
मी त्या दिवशी सहाशे चोविसावा तास म्हणाले.
शेजारच्या शेडच्या पत्र्यावर पोरं,
काप्यो छे! काप्यो छे!
मी दचकून कड्यांकडे बघितलं.
चारही धड.
एक जांभळा पतंग येऊन
आमच्या एग्झॉस्टच्या धुराड्याला अडकला.
पढियारभाई म्हणाले, राहू दे, वारा कळेल.

दुसऱ्या दिवशी आठला आले तर
तीन नंबरचं घड्याळ थांबलेलं:
सहाशे त्रेचाळीस तास बारा मिनिटं.
पहाटे सव्वापाचच्या सुमारास, म्हणजे
दूधवाला वडसरच्या रस्त्यावर असेल तेव्हा,
टक् झालं असेल.
कुणी ऐकलं नाही.

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला,
मॅडम, तीन तर टिकल्यात की अजून.
म्हणाला, द्रावणात काही कमीजास्त?
मी वही उघडून आकडे वाचून दाखवले,
सव्वीस दिवसांचे, एकेक.
तो मध्येच, ठीक आहे, ठीक आहे, म्हणाला.
मी थांबले नाही.

मोडलेली कांडी चिमट्यानं उचलली.
तुटीची जागा सपाट, लखलखीत, साखरेच्या दाण्यासारखी.
वाकली नव्हती कुठंच.
कौस्तुभनं विचारलं, हिला आधी कळलं असेल?
मी त्याला रिपोर्टचा फॉर्म दिला.
मग हात धुतले. दोनदा.

धुराड्यावरचा पतंग फाटलाय आता,
पण शेपटी हलते.
आज वारा रेल्वेकडून आहे.
उरलेल्या तिघींचे अजून चौऱ्याहत्तर तास.